मुलीला घरं आवडतात, की घरांचे फोटो?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. तिच्या फोनमध्ये घरांचे शेकडो फोटो आहेत आणि त्यांचे कप्पेही पाडलेले आहेत : स्कँडिनेव्हियन, मेडिटरेनियन, इंडस्ट्रियल, जपांदी. तिला ‘मिनिमल स्टाइलची डिझायनर’ व्हायचंय. तिचे वडील म्हणतात, करायचंच तर आर्किटेक्चर कर, इंटिरिअर म्हणजे नुसते पडदे आणि सोफे. तिचं गणित बेताचं आहे. शिवाय आता कॉम्प्युटरला एक वाक्य सांगितलं की तो घराचं चित्र काढून देतो. मग चार-पाच वर्षं शिकून हाती काय येणार? आणि तिला आत्ता कुठला लॅपटॉप घेऊन द्यावा?
— एक आई

सप्रेम नमस्कार,

तुमच्या प्रश्नांकडे येतोच, पण त्याआधी एक प्रश्न मला विचारायचा आहे. तुमच्या लेकीला घरं आवडतात, की घरांचे फोटो? दोन्ही आवडी चांगल्या आहेत. दोन्हींतून पोट भरण्यासारखं काम निघतं. पण वाटा वेगळ्या आहेत आणि गोंधळ इथेच होतो.

फोटोत खोलीची एकच बाजू येते, दिवसातल्या एकाच वेळचा उजेड येतो आणि माणूस बहुधा नसतोच. या व्यवसायातलं रोजचं काम मात्र त्या चौकटीबाहेर चालतं. सांडपाण्याच्या पाइपला उतार पुरेसा आहे का, दार उघडलं की कपाटाला आपटतं का, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून ओल येते ती कुठून, रात्री पाण्याला उठलेल्या माणसाला दिव्याचं बटण अंधारात सापडतं का. मुलीला यात रस वाटतो की नाही, हे आधी बघायला हवं.

मिनिमलचं, म्हणजे कमीत कमी वस्तू आणि सजावट असलेल्या घरांचं, वेड आहे म्हणता, तर एक घर तिने ऐकलेलं असेलच. लुडविग मीस व्हान डेर रोहे या वास्तुविशारदाने अमेरिकेत इलिनॉय राज्यात फॉक्स नदीच्या काठी फार्न्सवर्थ हाउस बांधलं. ते १९५१ मध्ये पुरं झालं. चारही बाजूंना काच, पांढरं पोलाद, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उचललेली फरशी. फोटोत आजही असं दिसतं की बघत राहावं. पण ते जिच्यासाठी बांधलं त्या डॉक्टर ईडिथ फार्न्सवर्थ यांना त्यात उकाड्याचा त्रास झाला, काचेतून सतत कुणीतरी बघतंय असं वाटत राहिलं, खर्चावरून दोघांचा वाद कोर्टात गेला आणि १९५४ मध्ये नदीचा पूर घरात शिरला. म्हणून ते घर वाईट ठरत नाही. तरीही ज्या मुलीला हे वाचून ‘मग फरशी आणखी किती वर घ्यायला हवी होती?’ असा प्रश्न पडतो, ती या क्षेत्रात रमेल. ‘पण फोटो किती सुंदर आहे!’ एवढंच जी म्हणेल, तिच्याबद्दल मी जरा सबुरीने बोलेन.

आता तिच्या कप्प्यांकडे वळू. एकेका कप्प्यामागे कारणं आहेत आणि ती शोधणं हाच खरा अभ्यास. स्कँडिनेव्हियन घरं उत्तर युरोपातली. तिथे हिवाळा लांब असतो, सूर्य क्षितिजावरून फारसा वर येत नाही. मिळेल तो उजेड भिंतींवरून परतवून खोलीभर पसरवायचा, म्हणून भिंती फिक्या आणि लाकूडही फिकं, बर्च नाहीतर पाइन. तीच खोली रणरणत्या उन्हाच्या प्रदेशात जशीच्या तशी उचलून नेली, तर दुपारी डोळे दिपतील. भूमध्य समुद्राकाठच्या, म्हणजे मेडिटरेनियन, घरांचं उलट : दगडाची जाड भिंत दिवसाचा ताप उशिरा आत सोडते, लहान खिडक्या ऊन अडवतात, चुन्याचा पांढरा हात ते परतवतो. पाऊस बेताचा, म्हणून छपराला पुढे आलेली वळचण फारशी लागत नाही. धुवाधार पावसाच्या गावी तशी पांढरी, वळचण नसलेली भिंत बांधली की थोड्याच पावसाळ्यांत तिच्यावर काळे-हिरवे ओघळ उतरतात.

इंडस्ट्रियलचा उगम तर गरजेतूनच झाला. न्यूयॉर्कच्या सोहो भागात १९६० आणि ७० च्या दशकांत कलावंत रिकाम्या पडलेल्या कारखान्यांच्या इमारतींत राहायला गेले. खिडक्या प्रचंड होत्या, कारण त्या इमारती उठल्या तेव्हा कामाला दिवसाचाच उजेड लागे. छत उंच होतं, पाइप उघडे होते आणि ते झाकायला पैसे कुणाकडे नव्हते. आज जेमतेम पावणेतीन मीटर उंचीच्या फ्लॅटमध्ये छत काळं रंगवून त्यावर खोटे पाइप लावतात, तेव्हा त्या उंचीचा आणि त्या खिडक्यांचा पत्ता नसतो. जपांदीबद्दल काय सांगू? जपान आणि स्कँडिनेव्हिया यांची फोनवर जमलेली सोयरीक आहे ती. काही घरांत शोभते, काहींत नाही.

राहता राहिला मिनिमल. यावर जरा रेंगाळतो, कारण मुलीने तेच निवडलंय. कमी वस्तू म्हणजे कमी काम, असा समज असतो. प्रत्यक्षात उलट घडतं. भिंत आणि फरशी जिथे भेटतात तिथे आपण स्कर्टिंग लावतो, दाराच्या चौकटीभोवती लाकडी पट्टी मारतो. त्या पट्ट्या शोभेच्या वाटतात, पण त्या सांध्यातली फट आणि गिलाव्याचा वाकडेपणा झाकतात. मिनिमल घरात त्या काढून टाकल्या की गवंड्याची आणि सुताराची चूक लपायला जागाच उरत नाही. भिंत ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी हवी, फरशीची रेघ दाराच्या रेघेला मिळायला हवी. आणि माणसाच्या वस्तू काही कमी होत नाहीत. औषधं, चार्जर, इस्त्री, पाहुण्यांच्या गाद्या कुठे तरी जायलाच हव्यात. म्हणून रिकाम्या दिसणाऱ्या खोलीमागे कपाटांचा फार बारकाईने केलेला हिशेब असतो.

शिवाय त्यात राहणाऱ्याचाही वाटा असतो. जपानी वास्तुविशारद तादाओ अँडो यांनी १९७६ मध्ये ओसाकात अझुमा हाउस बांधलं. एका अरुंद ओळीत कोंबलेलं काँक्रीटचं दुमजली घर, आणि त्याच्या मधोमध आकाशाला उघडं अंगण. झोपायच्या खोलीतून न्हाणीघराकडे जायचं तर त्या उघड्यावरून जावं लागतं आणि पाऊस असेल तर छत्री घेऊन. राहणाऱ्याला हे मान्य असेल तरच असं घर उभं राहतं. स्टाइल आधी आणि माणूस नंतर, असं करून चालत नाही. त्यामुळे सतराव्या-अठराव्या वर्षी एका शैलीचा शिक्का स्वतःवर मारून घेऊ नको, एवढं तिला माझ्यातर्फे सांगा. जुन्या वास्तूंच्या जतनासारख्या कामात विशिष्ट काळातल्या शैलीचं खोल ज्ञान लागतं, पण तेही पदवीनंतरचं शिक्षण आहे.

आता तिच्या वडिलांच्या आक्षेपाचं. पडदे-सोफे हा इंटिरिअरच्या कामाचा सगळ्यात शेवटचा टप्पा. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. सुमारे १.९ मीटर गुणिले ३.४ मीटर, बस्स. बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर पोचतो, एका कामावरून दुसऱ्याकडे वळायला किती वेळ लागतो, याचा अभ्यास करून ओटा, सिंक आणि कपाटं कामाच्या क्रमाने बसवली. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं तिथे बसली. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे जातं. याला कुणी सजावट म्हणणार नाही. आणि हे काम एका आर्किटेक्टने केलं, हेही लक्षात घ्या. उलट आयलीन ग्रे या फर्निचर आणि लाखकामातून आल्या आणि १९२९ मध्ये फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर ई-१०२७ नावाचं घर उभं केलं. आर्किटेक्चर आणि इंटिरिअर यांच्या मधली भिंत तशी पातळच आहे.

तरी फरक आहे, तो सांगतो. बहुतेक देशांत आर्किटेक्ट म्हणून काम करायला मान्यताप्राप्त पदवी, अनुभवाचा काळ आणि नोंदणी लागते. एकूण सहा-सात वर्षं धरून चाला. इंटिरिअरचा अभ्यासक्रम साधारण तीन-चार वर्षांचा. आर्किटेक्टला पुढे इंटिरिअर करता येतं, पण इंटिरिअर डिझायनरला इमारत उभारण्याची परवानगी मिळत नाही आणि भार वाहणारी भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते. एवढ्यावरून बरेच पालक आर्किटेक्चरच निवडतात, ‘दोन्ही दारं उघडी राहतील’ म्हणून. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. स्वभाव बघा. इमारतीचं काम वर्षानुवर्षं चालतं, मंजुऱ्यांत अडकतं, कधी कधी कागदावरच राहतं. इंटिरिअरचं काम काही महिन्यांत डोळ्यांसमोर उभं राहतं, पण त्यात माणसांशी जवळून गाठ पडते : नवऱ्याला एक हवंय, बायकोला दुसरं, सुतार तिसऱ्याच मापाचं कपाट करून बसलाय, आणि या तिघांनाही न दुखावता काम पुढे न्यायचंय. ज्या मुलीला लोकांत राहायला आवडतं आणि कामाचं फळ लवकर दिसावं लागतं, तिला केवळ सुरक्षित म्हणून पाच वर्षांच्या आर्किटेक्चरला ढकललंत, तर ती तिसऱ्या वर्षी तुम्हाला पुन्हा पत्र लिहायला लावेल.

गणिताची भीती थोडक्यात मिटवतो. लागते ती भूमिती, प्रमाणं आणि भार कुठून कुठे उतरतो याची जाण. लोखंड किती घालायचं याचा हिशेब इंजिनिअर करतो. मात्र प्रवेशपरीक्षेसाठी आणि पात्रतेसाठी बारावीचे कुठले विषय लागतात, हे ज्या संस्थेत जायचं तिथूनच खात्री करून घ्या. शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

चित्र काढणाऱ्या कॉम्प्युटरचं म्हणाल, तर निव्वळ देखणी चित्रं करून देण्याचं काम आकुंचन पावणार, हे मी लपवणार नाही. पण त्या चित्रातला जिना एकदा नीट बघा. जिन्याचा जुना हिशेब असा : दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी मिळून साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर. तो सुटला की पाय अडखळतो. चाकाच्या खुर्चीला वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. चित्रात यातलं काहीही चुकलेलं असलं तरी ते सुंदरच दिसतं. ही चूक ओळखून दुरुस्त करण्याची आणि त्याखाली सही करण्याची जबाबदारी माणसावरच राहते. शिक्षणाचा भर तिथे असेल तर वर्षं फुकट जात नाहीत. म्हणून कॉलेज निवडताना भिंतीवरच्या चकचकीत चित्रांपेक्षा एक गोष्ट विचारा : विद्यार्थ्यांना साइटवर किती नेता आणि हाताने मापं घ्यायला लावता का?

आता मुलीसाठी एक काम देतो. परीक्षा झाली की करू दे. तुमच्या घरातली एक खोली तिने टेपने मोजायची आणि ५० पट लहान करून कागदावर काढायची, म्हणजे १ मीटरला २ सेंटिमीटर. दारं कुठल्या बाजूला उघडतात, बटणं आणि प्लग कुठे आहेत, सगळं दाखवायचं. मग खिडकीतून खोली उभी कापली तर काय दिसेल, ते काढायचं. हा सेक्शन. बहुतेक मुलं इथे अडखळतात, अडखळू द्या. तीच खोली सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघून उजेड कुठवर येतो ते त्याच कागदावर लिहायचं. शेवटी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारायचं, ‘या खोलीत तुम्हाला कशाचा त्रास होतो?’ आणि त्यातला एक त्रास, काहीही विकत न आणता, दूर करायचा.

हे करताना ती भिंतीच्या जाडीपाशी, खिडकीवरच्या तुळईपाशी, ‘हे वरचं वजन जातं कुठे’ इथे थांबली, तर आर्किटेक्चर. फळीची उंची आणि आजीचा हात यात गुंतली, तर इंटिरिअर, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. दोन दिवसांत कंटाळून पुन्हा फोटोंकडे वळली, तरी रागावू नका. चित्रपटांचे सेट, प्रदर्शनांची मांडणी, वास्तूंचं छायाचित्रण ही सगळी त्याच डोळ्याची कामं आहेत आणि त्यांचं शिक्षण वेगळं मिळतं. त्यासाठी तिला दुसऱ्याच प्रकारचे अभ्यासक्रम बघावे लागतील. तसं झालं तर मला पुन्हा लिहा, मी नावानिशी सुचवीन.

लॅपटॉप आत्ता घेऊ नका. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी हातानेच ड्रॉइंग करून घेतात, आणि कुठलं सॉफ्टवेअर शिकवणार हे कळल्याशिवाय घेतलेलं यंत्र तिसऱ्या वर्षापर्यंत अपुरं पडतं. तूर्त ५ मीटरची टेप, मऊ शिशाच्या दोन पेन्सिली आणि चौकटींची वही पुरे.

आपला,
करिअर मार्गदर्शक