चार वर्षांचं शिक्षण, चौदा वर्षांचं कर्ज

प्रिय ताई,
मी १८ वर्षांची आहे. मला संख्याशास्त्र शिकायचंय आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एक कॉलेज घरून जाऊन-येऊन करण्यासारखं आहे. जायला दीड तास, यायला दीड तास, पण फी आम्हाला झेपणारी. दुसरं दूरचं निवासी विद्यापीठ. खर्च चौपट, कर्ज काढावंच लागेल. बाबा म्हणतात, "कर्जाचं मी बघतो, तू फक्त शीक." त्यांच्या निवृत्तीला सात वर्षं उरलीत, धाकटा भाऊ आत्ता नववीत गेलाय. आई काहीच बोलत नाही. माझी जिवलग मैत्रीण त्या विद्यापीठात चाललीय. खरं सांगू का, घरात मला अभ्यासाला धड जागा नाही, सारखं कुणीतरी हाक मारत असतं. घरीच राहिले तर मी कधी मोठीच होणार नाही असं वाटतं. दहा दिवसांत कळवायचंय. काय करू?
– दोन याद्यांत नाव लागलेली

तुला ताटकळत ठेवत नाही, माझं मत आधीच सांगते. तू लिहिलेल्या परिस्थितीत मी जवळचं कॉलेज घे म्हणेन. पण दोन अटींवर, आणि त्या पाळता येणार नसतील तर माझं मतही बदलेल. अटींकडे येतेच. त्याआधी कर्जाचा हिशेब मांडू, कारण तुमच्या घरात तो अजून कुणी कागदावर मांडलेला दिसत नाही.

शिक्षणकर्जाचे हप्ते बहुधा शिक्षण संपल्यावर सुरू होतात. व्याज मात्र अनेक कर्जांत पहिली रक्कम उचलली की लगेच चढायला लागतं. परतफेड दहा वर्षांची धरली, तर आजपासून चौदा वर्षं हे कर्ज तुमच्या घरात राहणार. बाबा सात वर्षांनी निवृत्त होतील. म्हणजे पगारातून जेमतेम तीन वर्षांचे हप्ते जातील आणि उरलेली सात वर्षं पगार नसताना. दर दहा टक्के असेल, तर दहा वर्षांत शंभराचे साधारण १५९ भरावे लागतात, आणि यात शिकत असताना चढलेलं व्याज धरलेलंच नाही. शिवाय चार वर्षांनी, म्हणजे तुझे हप्ते सुरू होतील त्याच सुमाराला, भाऊ प्रवेशाच्या रांगेत उभा असेल.

"मी बघतो" हे बाबांनी मायेपोटी म्हटलंय आणि त्या मायेचं मला फार मोल वाटतं. पण हे कर्ज फेडण्याची वेळ तुझ्यावर येणार आहे. कागदावर नाव कुणाचंही असो, पंचविशीत पहिल्या पगारातून तूच ते फेडू लागशील, कारण थकलेल्या बाबांना हप्ते भरताना तुला बघवणार नाही. म्हणून हा हिशेब बाबांसमोर ठेव. आईला मात्र एकटीला गाठून विचार, "तुला काय वाटतं?" घरखर्चाची ओढाताण ज्यांना रोज दिसते, ती माणसं पुष्कळदा सगळ्यांदेखत गप्प बसतात.

आता दुसरी बाजू, आणि ती मी कमी लेखणार नाही. अलेक्झांडर अ‍ॅस्टिन नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षं पाहणी केली. वसतिगृहात राहणारी मुलं मध्येच शिक्षण सोडण्याचं प्रमाण त्यांना कमी आढळलं. १९८४ साली त्यांनी यामागचा विचार मांडला तो असा, की विद्यार्थी आपला वेळ आणि जीव शिक्षणात किती ओततो, त्यावर तो किती घडणार हे ठरतं. आवारात राहणाऱ्याला ते आपसूक जमतं. रात्री दहा वाजता गणित अडलं तर शेजारच्या खोलीचं दार वाजवता येतं. रोज येणं-जाणं करणाऱ्याला तेच मुद्दाम जमवावं लागतं.

मुद्दाम जमवता येतं का? येतं. २०१४ साली अमेरिकेत ३०,०००हून जास्त पदवीधरांची एक पाहणी झाली, गॅलप ही पाहण्या करणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांची. आपली मनापासून काळजी घेणारे, विषयाची गोडी लावणारे आणि स्वप्नांना बळ देणारे शिक्षक लाभले, असं सांगणाऱ्यांचं पुढे नोकरीत मन रमण्याची शक्यता दुपटीहून जास्त दिसली. संस्था सरकारी की खाजगी, याने फारसा फरक पडलेला दिसला नाही. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे संख्याशास्त्र शिकू पाहणाऱ्या तुला मी सांगायला नको. तरी कुठल्याही कॉलेजात पहिल्या वर्षी काय शोधायचं, ते यातून नक्की कळतं.

म्हणून माझी पहिली अट अशी, की जवळच्या कॉलेजात तू तास संपल्याबरोबर गाडी पकडायची नाहीस. सकाळी जायचं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहायचं. ग्रंथालयात बसायचं, शिक्षकांकडे शंका घेऊन जायचं, दोन-तीन जणींचा अभ्यासगट जमवायचा. हे शक्य आहे का, ते मात्र माहितीपत्रक वाचून कळत नाही. येत्या आठवड्यात एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी चार वाजता तिथे जा आणि बघ. आवार ओस पडलंय का? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं? शिक्षक तास संपल्यावर भेटतात का? शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठून विचार, "गेल्या वर्षात वर्गाबाहेर कुठल्या शिक्षकांशी बोलणं झालं?" तिला पटकन एकही नाव आठवलं नाही, तर मला दुसऱ्या बाजूने विचार करावा लागेल.

रोजचे तीन तास प्रवासात जाणार. वर्षाला २०० दिवस धरले तरी ६०० तास होतात, म्हणजे आठ तासांचे ७५ पूर्ण दिवस. बसायला जागा मिळत असेल तर त्यात वाचन होईल. उभ्याने, गर्दीत जायचं असेल तर ते तास गेलेच म्हणून समज, आणि त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळचं त्राणही जातं. प्रवेश घेण्याआधी ऐन गर्दीच्या वेळी हा प्रवास दोन्ही बाजूंनी करून बघ. फारच जड वाटला, तर दुसऱ्या वर्षापासून कॉलेजजवळ दोघींत मिळून खोली घेण्याचा खर्च काढ. चौपट खर्चापुढे तो कदाचित पेलणारा निघेल, आणि घराबाहेर राहण्याची तुझी इच्छाही त्यात भागेल.

दुसरी अट घरच्यांसाठी आहे. दमून घरी आलेल्या मुलीला सारख्या हाका ऐकू येणार असतील, तर स्वस्त कॉलेज तुला फार महागात पडेल. आत्ता, निर्णय व्हायच्या आधी, सगळ्यांना बसवून सांग: "मी इथे राहिले तर आपलं एवढं कर्ज वाचतंय. त्या बदल्यात मला रोज दोन तास आणि एक कोपरा हवाय. त्या वेळात मला कुणी हाक मारायची नाही, आणि घरातली कामं भावानेही वाटून घ्यायची." हे मागताना संकोचू नकोस. एवढा मोठा खर्च तू वाचवते आहेस, हे घरात सगळ्यांना कळू दे. तुझी मोठं होण्याची जी काळजी आहे ना, तीही इथेच थोडी हलकी होईल. आईवडिलांशी पैशांबद्दल आणि आपल्या वेळेबद्दल सरळ बोलता येणं काही वसतिगृहात शिकवत नाहीत.

पण खरंच सांगते, हे बोलणं तू केलंस आणि घरात काहीच बदलणार नाही असं तुला दिसलं, किंवा हाकांच्या मागे धाक, मारहाण, शिक्षणच थांबवण्याची भाषा असं काही असेल जे तू पत्रात लिहिलं नाहीस, तर माझं उत्तर वेगळं आहे. मग तू दूर जा. कर्ज फिटतं. ती चार वर्षं पुन्हा मिळत नाहीत.

मैत्रिणीमुळे मात्र ठरवू नकोस. तिचा विषय वेगळा, वर्ग वेगळा असला तर सहा महिन्यांत भेटी आपोआप कमी होतात, आणि मैत्री खरी असेल तर ती अंतराला पुरून उरते.

दहा दिवसांतला पहिला दिवस विद्यापीठाला पत्र लिहिण्यात घालव. घरची मिळकत, बाबांची निवृत्ती आणि भावाचं शिक्षण स्पष्ट मांड आणि शिष्यवृत्ती किंवा फीमाफी मिळेल का ते विचार. मिळाली तर ती फक्त पहिल्या वर्षापुरती की चारही वर्षं, आणि टिकवायला किती गुण लागतात? वसतिगृहाची हमी शेवटपर्यंत आहे का? फी दरवर्षी किती वाढते? उत्तरं लेखी माग. खर्च चौपटीवरून दुपटीच्या आत आला, तर पुन्हा कागद-पेन घेऊन बस आणि मला नवे आकडे कळव. जवळच्या कॉलेजची जागा तोवर सोडू नकोस. आगाऊ भरलेली फी कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, तेवढं पावती घेतानाच विचारून ठेव.

– ताई