वाचकांचे प्रश्न : चित्र विलायती, नाव दुकानाचं

प्रश्न : आमच्या जुन्या दुकानाचा माळा रिकामा करताना एक चोपडा सापडला. त्यात खळीनं चिकटवलेली साठेक रंगीत कार्डं आहेत. गुबगुबीत विलायती बाळं, मांजरं, फुलांच्या परड्या, कुठे साबणाची किंवा दोऱ्याची जाहिरात. दोन कार्डांवर चित्र अगदी तेच, पण खाली नावं वेगवेगळ्या दुकानांची. तिसऱ्यावर ती जागा कोरीच. हे काय आहे? आणि अस्सल कसं ओळखायचं?
– एक वाचक, इतवारी (नागपूर)

उत्तर : ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ‘ट्रेड कार्डं’. एका चित्राखाली दोन दुकानं कशी, हे समजायला भिंतीवरचं कॅलेंडर पाहा. लक्ष्मीचं चित्र शिवकाशीला हजारोंनी छापलं जातं आणि खालच्या पट्टीत आपल्या किराणावाल्याचं नाव येतं. तेव्हाही हेच चाले. मोठा छापखाना कोऱ्या पट्टीची तयार कार्डं विके. दुकानदार ती शेकड्यानं घेई आणि गावातल्या छापखान्यात खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवून काळ्या शाईत नाव-पत्ता टाकून घेई. मग गल्ल्यावरून गिऱ्हाइकाला फुकट. मुलंबाळं ती वहीत चिकटवत.

प्रथा त्याआधीची. अठराव्या शतकातल्या लंडनची कार्डं तांब्याच्या पत्र्यावर कोरून एकाच रंगात छापलेली असत. घरांना बराच काळ क्रमांक नव्हते, म्हणून ‘अमक्या पाटीच्या खुणेशी’ असा पत्ता त्यांवर असे. रंग आला तो शिळाछापामुळे, म्हणजे दगडावरून छापण्यामुळे. फ्रान्समध्ये मुद्रक एंगेलमाननं रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं ते १८३७ साली, व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच वर्षी. अमेरिकेत १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात कार्डं भरपूर वाटली गेली आणि पुढची वीसेक वर्षं त्यांचा सुकाळ होता. मासिकं स्वस्त होऊन जाहिराती त्यांत गेल्या, तशी ही मागे पडली.

छपाई समजली की अस्सल ओळखता येतं. प्रत्येक रंगाला बव्हेरियातल्या चुनखडीचा वेगळा दगड. त्यावर चित्र उलटं, तेलकट खडूनं किंवा शाईनं काढायचं. दगड ओला केला की शाई फक्त तेलकट जागी धरते. साध्या कार्डाला पाच-सहा दगड, चांगल्याला दहा-बारा, आणि प्रत्येक रंगानंतर कागद वाळवायचा. हवेतल्या ओलीनं कागद किंचित फुगला की पुढचा रंग सरकतो. म्हणून गालाची लाली चेहऱ्याबाहेर गेलेली किंवा कडेला पांढरी फट राहिलेली दिसते. असा दोष दिसला तर कार्ड खोटं समजू नका.

सराफाकडे असतं तसं दहापट भिंग घ्या. शिळाछापात ठिपके वेडेवाकडे, हातानं टाकलेले दिसतात. ठिपके एकसारख्या रांगेत किंवा छोट्या फुलांच्या आकारात जमलेले असतील, तर ती बहुधा फोटोवरून केलेली नंतरची नक्कल. दुकानाचं नाव वेगळं तपासा : खिळ्यांच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाईची दाट रेघ जमते, मागून बोट फिरवलं तर दाब लागतो. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर तो साधारण १९५० नंतरचा.

कार्डाचा काळ त्यावरच्या छापील अक्षरांवरून ठरवा. ‘जर्मनीत छापले’ असं असेल तर कार्ड बहुधा १८८७ नंतरचं, कारण मालावर देशाचं नाव टाकायला लावणारा ब्रिटिश कायदा त्या वर्षीचा. नागपूरपुढे ‘सी. पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) असेल तर १८६१ नंतरचं; ‘सी. पी. अँड बेरार’ असेल तर १९०३ नंतरचं, कारण वऱ्हाड (बेरार) मध्य प्रांताला तेव्हा जोडला गेला. विलायती मांजराची कार्डं जगभर मिळतात. ज्या कार्डावर सीताबर्डीच्या किंवा इतवारीच्या दुकानाचं नाव आहे, ते मात्र आपल्या बाजाराचा कागद आहे. चित्र फाटकं असलं तरी ते आधी जपा.

चोपड्यात पातळ कागदाची, मागे गोंद असलेली देवादिकांची चित्रंही असतील, तर ती ट्रेड कार्डं नव्हेत. ती कापडाच्या ठाणावरची तिकिटं. अक्षर न वाचता येणारं गिऱ्हाईक ‘हत्ती छाप’ म्हणून माल मागे, तो त्यांच्याच जोरावर.

प्रश्न : अशी कार्डं वहीतून काढायची कशी? – एक वाचिका, महाल

उत्तर : वही धड असेल तर काढूच नका, कोणतं कार्ड कशाशेजारी लावलं, हीही माहितीच आहे. पानं तुटतच असतील, तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मग कोपऱ्यातल्या रंगावर ओला कापूस मिनिटभर टेकवा. रंग उतरला, सोनेरी भुकटी सुटली किंवा चकचकीत थर चिकट झाला, तर तिथेच थांबा. हातानं शाईत लिहिलेलं असेल तरीही पाणी नको.

बाकीच्यांसाठी : कार्डाभोवती बोटभर जागा ठेवून पान कापा. चित्र वर ठेवून ते ओल्या टीपकागदावर १५-२० मिनिटं ठेवा, म्हणजे ओल मागून चढते आणि खळ फुगून बुळबुळीत होते. मग उलटं करून वहीचा कागद कार्डापासून सोला. कार्ड ओढलं तर त्याची पाठ सोलली जाते आणि मागची जाहिरात कायमची जाते. सुटेना, तर आणखी दहा मिनिटं. गडद तपकिरी सरस असेल तर पाणी कोमट घ्या. उरलेली खळ कापसानं पुसा, नाहीतर कसर तिच्यासाठीच येते. शेवटी दोन कोऱ्या टीपकागदांत, वजनाखाली दोन दिवस. तासाभरानं टीपकागद बदला. मे महिन्यात पंख्याखाली वाळवू नका, कडा तासाभरात वळतात.

प्रश्न : लॅमिनेशन करावं का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही. प्लॅस्टिक कागदात वितळून बसतं, ते पुन्हा निघत नाही. पॉलिएस्टरच्या पाकिटात एकेक कार्ड, आणि ती पुठ्ठ्याच्या डब्यात आडवी ठेवा. वास येणारी मऊ प्लॅस्टिकची पाकिटं टाळा. डबा पत्र्याखालच्या माळ्यावर नको, आणि कूलरच्या खोलीतही नको : दिवसभर ओलसर, कूलर बंद झाला की कोरडं, असं रोज झालं की कार्ड वाकतं आणि वरचा थर तडकतो. आतल्या भिंतीचं लाकडी कपाट बरं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डबा उघडून कडा पाहा. कुरतडल्यासारखा कागद दिसला तर ते कार्ड लगेच वेगळं काढा.