पंप नंतर, रिफिलिंगचे पैसे आधी

चि. पोरी,

चाळीच्या आग विझवणाऱ्या पथकाची तुझी हिशेबाची वही वाचली. गणपतीची वर्गणी दिली की चाळ हात आखडते, मे महिन्यात निम्म्या खोल्यांना कुलपं, आणि खजिनदार एकटी पावतीपुस्तक घेऊन जिने चढते. लालबागला मीही तेच केलंय. आता निवडणुकीच्या तोंडावर कुणीतरी पथकाला पाण्याचा पंप द्यायला निघालाय, आणि तू ‘थांबा’ म्हणालीस म्हणून पोरं रुसलीत.

बरोबर बोललीस. आधी देखभाल, मग खरेदी. पंप देणारा एकदाच देतो. त्याचं इंधन, सर्व्हिसिंग, पाण्याच्या नळीचे जोड, हे कोण देणार? पंपावर नाव रंगवायला माणसं रांग लावतात. आग विझवायच्या सिलिंडरातल्या पावडरीवर नाव लिहिता येत नाही, म्हणून तिला पैसे मिळत नाहीत.

जिन्याखालचा सिलिंडर बघ. कुणी गंमत म्हणून जरासा फवारा मारला असेल, तरी तो पुन्हा भरावाच लागतो; दाब हळूहळू उतरतो. वर दर ३ वर्षांनी दाबाची चाचणी. आग लागो न लागो, हा खर्च येणारच. मग तो वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढ ना! किती वेळा सांगू? आधी देखभाल.

शेजारच्या टॉवरचा खर्च मात्र अंगावर घेऊ नकोस. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र देणं मालकाचं किंवा वापरणाऱ्यांचं काम आहे. चाळीची वर्गणी त्यासाठी नाही.

१४ एप्रिलला, १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या अग्निशामक जवानांसाठी, पोरं बॅनर छापू म्हणतील. त्यांचा मान ठेवायचा तर त्या दिवशी एकेक सिलिंडर तपासा.

मला सगळे चिक्कू म्हणायचे. एक जिवाभावाचा मित्र त्यावरून तुटला, ते अजून सलतं. तरी देखभालीच्या पैशाला मी कुणाला हात लावू दिला नाही, आणि आजही देणार नाही. १०१ ला फोन केल्यावर बंब गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत चाळीच्या हाताशी तेवढेच सिलिंडर असतात.

पंपवाल्याला सांग, ५ वर्षांच्या देखभालीचा चेक पथकाच्या नावाने सोबत द्या. ‘बघतो’ म्हणाला तर बघू दे.

रिफिलिंगची जुनी बिलं शोधून ठेव आणि रविवारी ये. वर्षाचा आकडा बसून काढू.

काका