सेन्सिबल म्हणजे हळवा नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका हॉटेलात फ्रंट ऑफिसच्या जागेसाठी मुलाखत होती. स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर तुम्ही ‘आय ॲम अ व्हेरी सेन्सिटिव्ह पर्सन’ असं म्हणालात आणि समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. आता सेन्सिबल, सेन्सिटिव्ह, इंटेलिजंट, क्लेव्हर, स्मार्ट यांतलं कुठलं कुठे वापरायचं आणि आपल्या ‘हुशार’ला इंग्रजीत काय म्हणायचं, हे तुम्हाला हवंय.

हसायला नको होतं त्यांनी. पण का हसले ते मी सांगू शकतो, कारण यातल्याच दोन शब्दांवरून मीही एकदा आपटलोय.

मालवणजवळ देवबागला आमचं न्याहारी-निवास आहे. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, त्यामुळे आसपासच्या चार घरांचं दुभाषेपण आपोआप माझ्याकडे आलं. एका डिसेंबरात एक वयस्क ब्रिटिश जोडपं राहायला होतं. सकाळी जमिनीकडून वाहणारा मतलई वारा, समुद्र तेलासारखा. शेजारच्या काकांच्या होडीतून आम्ही डॉल्फिन बघायला निघालो. समुद्राकडून येणारा खारा वारा उठतो तो दुपारकडे, पण त्या दिवशी साडेनऊलाच काकांना पश्चिमेला पाण्यावर एक काळपट रेघ दिसली. डॉल्फिनचा अजून पत्ता नव्हता. काकांनी एक शब्द न बोलता होडी फिरवली. पाहुणे जरा हिरमुसले. अर्ध्या तासात नदी समुद्राला मिळते त्या संगमाच्या तोंडाशी लाटा फुटायला लागल्या, तेव्हा आम्ही किनाऱ्यावर होतो.

बाई काकांकडे बघून म्हणाल्या, ‘ही इज अ व्हेरी सेन्सिबल मॅन.’

मी ऐटीत भाषांतर केलं, ‘काका, बाई म्हणतायत तुम्ही फार हळवे आहात.’

काकांनी हातातली दोरी खाली टाकली. ‘हळवो? मी काय भात आसंय?’

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे लवकर कापणीला येणारं भात ते हळवं, त्यानंतरचं निमगरवं आणि सगळ्यात उशिरा येणारं गरवं. काकांच्या लेखी हळवेपणाचा संबंध शेताशी होता. बाईंना जे म्हणायचं होतं त्याला मराठीत सरळ शब्द आहे: शहाणा. डोकं जाग्यावर असलेला, नसतं धाडस न करणारा. काकांच्या मनात काय भावना होत्या याच्याशी त्या वाक्याचा काही संबंध नव्हता. त्यांनी काय ठरवलं, त्याचं ते कौतुक होतं.

एवढं धरून ठेवा. सेन्सिबल हा निर्णयाचा शब्द आहे. सेन्सिबल माणूस, सेन्सिबल सल्ला, अगदी ‘सेन्सिबल शूज’सुद्धा. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर घसरत नाहीत, पण लग्नात घालून गेलं तर घरचे ओशाळतात, तसली पादत्राणं. या शब्दात चमक नाही हेही लक्षात ठेवा. कवीला सेन्सिबल म्हटलं तर तो खूश होईलच असं नाही.

सेन्सिटिव्ह हा कातडीचा शब्द. इथे उदाहरण शोधायला घराबाहेर दोन पावलं टाकली तरी पुरे. बांधावर, वाटेच्या कडेला लाजाळू पसरलेली असते. तिला इंग्रजीत ‘सेन्सिटिव्ह प्लांट’च म्हणतात. बोट लावलं की पानांच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठींतल्या पेशींमधलं पाणी सरतं आणि पानं मिटतात. बोट कोणाचं, हेतू काय, याची चौकशी ती करत नाही. इवल्याशा कारणाने लगेच परिणाम होणं, सेन्सिटिव्हचा गाभा एवढाच. म्हणून दात सेन्सिटिव्ह असतो, वजनकाटा सेन्सिटिव्ह असतो आणि पश्चिम घाटाबद्दलच्या गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालापासून आमच्याकडच्या गावसभांत गाजणारा ‘इको-सेन्सिटिव्ह झोन’ही असतो. त्या झोनला भावना आहेत असं कोणी म्हणत नाही. धक्का लागला की ती जागा बिघडेल, एवढाच अर्थ. मराठी वर्तमानपत्रांतलं ‘संवेदनशील मतदान केंद्र’ याच घराण्यातलं.

आता तुमचं वाक्य पुन्हा बघा. मागेपुढे काहीच न लावता ‘मी फार सेन्सिटिव्ह आहे’ म्हटलं की मालकाला लाजाळू दिसते. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं की हा मिटणार! तुम्हाला म्हणायचं होतं की मला माणसांची अडचण चटकन कळते. ते सांगायला सेन्सिटिव्हच्या मागे ‘टू’ लागतो: ‘सेन्सिटिव्ह टू गेस्ट्स नीड्स’. ‘टू’ आला की दुसऱ्याची गरज ओळखणारा, ‘अबाउट’ आला की स्वतःच्या दुखऱ्या जागेला जपणारा. ‘ही इज सेन्सिटिव्ह अबाउट हिज हाइट’ म्हणजे त्याच्या उंचीचा विषय काढू नका. अर्थात ‘टू’ नेहमीच कौतुकाचा नसतो, ‘सेन्सिटिव्ह टू क्रिटिसिझम’ म्हणजे टीका सहन न होणारा. पण निदान वाक्य कशाबद्दल आहे ते तरी कळतं.

तुमचा (आणि माझा) गोंधळ अगदीच अडाणीपणाचा नाही, कारण हे शब्द एकाच मुळातून निघालेत आणि पूर्वी इंग्रजीतही सेन्सिबलचा अर्थ जाणीव असणारा, भावना असणारा असा होता. जेन ऑस्टिनच्या 1811 मधल्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या कादंबरीत सेन्सिबिलिटी ही भावनेने वाहून जाणाऱ्या बहिणीची, व्यवहारी बहिणीची नव्हे. नावावरून आपण नेमका उलटा अंदाज बांधतो. फ्रेंचमध्ये तर सेन्सिबल हा शब्द अजूनही हळव्याच्या अर्थानेच चालतो, त्यामुळे फ्रेंच माणूस इंग्रजी बोलताना तुमच्यामाझ्यासारखाच घसरतो. जुना अर्थ उलट्या शब्दांत टिकून राहिलाय: ‘इनसेन्सिबल’ म्हणजे बेअक्कल नव्हे, बेशुद्ध. दुसऱ्याचं मन न जाणणारा तो ‘इनसेन्सिटिव्ह’. सेन्स्युअस (इंद्रियांना सुखावणारा) आणि सेन्श्युअल (कामुक) ही जोडी मुलाखतीत काढूच नका. पहिला शब्द इंग्रज कवी मिल्टनने 1641 मध्ये दुसऱ्याचा कामुक वास टाळायला मुद्दाम घडवला, आणि आता लोक त्यालाही तोच वास लावतात.

हळव्याला मग इंग्रजीत काय? माणूस आवडता असेल तर सेन्सिटिव्ह किंवा ‘टेंडर-हार्टेड’, कंटाळा आला असेल तर ‘सेंटिमेंटल’, भांडण झालं असेल तर ‘टची’. आपली पोरं ‘सेंटी मारू नको’ म्हणतात, त्यातला सूर सेंटिमेंटलच्या अगदी जवळचा आहे.

आता हुशार. इथे शब्दकोश खरोखर दगा देतो, कारण तो सगळ्यांपुढे हुशार, चतुर, बुद्धिमान असं आलटून पालटून लिहून मोकळा होतो. इंग्रजी विशेषण डोकं किती आहे ते कमी सांगतं. ते डोकं कशाला लावलंय आणि बोलणाऱ्याला ते पटलंय का, ते जास्त सांगतं.

मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघितलाय ना? पाटीपुढे उभी राहिलेली बाई बांगड्याचा कल्ला उचलून लालपणा बघते, आत किती माल असेल ते नजरेने जोखते, दुसरी किती चढेल याचा अंदाज घेते आणि योग्य वेळी गप्प बसते. ती ‘श्रूड’. मराठीत बेरकी म्हणू, शिव्या न देता. तिने घरी जाऊन वर ताजे आणि खाली कालचे बांगडे रचून पाटी विकायला काढली, तर ती ‘कनिंग’. डोकं तेच, फक्त कामाला वेगळीकडे लागलं. गंमत म्हणजे कनिंगचा मूळ अर्थ नुसता जाणकार असा होता, तर श्रूडचा दुष्ट, खोडसाळ. एक बिघडत गेला, एक सुधारला. म्हणून ‘माझा मुलगा कनिंग आहे’ असं कौतुकाने सांगू नका. आमच्या एका नातेवाइकांनी विमानतळावर हे केलंय.

क्लेव्हर हा ब्रिटिशांच्या रोजच्या बोलण्यातला. लहान मूल, हातात कसब असलेला मिस्त्री, एखादी युक्ती, सगळ्यांना चालतो. पण त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात त्याला हलक्या दर्जाचा शब्द म्हणून हिणवलं होतं. आजही ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ ही शिवीच, आणि तिचं मराठी मला फार आवडतं: दीडशहाणा. साता समुद्रांपलीकडच्या माणसांनीही शहाणपण मोजून नेमकं अर्धंच जास्त भरलं!

यावरून लक्षात येईल की ही खोच तुम्हाला मुळात ठाऊक आहे. ‘शहाणं बाळ’ आणि ‘फार शहाणा आहेस’ यांत शब्द एकच असतो, आपण तो आवाजाने फिरवतो. इंग्रजी तेच काम बरंचसं शब्द बदलून करते.

स्मार्टचं भौगोलिक आहे. ब्रिटनमध्ये ‘यू लुक स्मार्ट’ म्हणजे इस्त्री चांगली आहे. अमेरिकेत स्मार्ट म्हणजे हुशार. मुळात या शब्दाचा अर्थ झोंबणे, चुरचुरणे असा, आणि क्रियापद म्हणून तो अजून तसाच वापरतात. मिरचीचा हात डोळ्याला लागला की डोळे ‘स्मार्ट’ होतात, त्यात अकलेचा काही भाग नसतो. ‘ब्राइट’ पोरांना आणि नवशिक्यांना शोभतो, पन्नाशीच्या डॉक्टरला म्हणाल तर पाठ थोपटल्यासारखं वाटेल. ‘वाइज’ला वय लागतं. ‘ब्रिलियंट’ तर ब्रिटिश पाहुणे सोलकढीचा पेला हातात आला की म्हणतात, ते बुद्धीबद्दल धरू नये.

राहिला इंटेलिजंट. तो स्वच्छ, औपचारिक शब्द आहे, चुकायची भीती कमी, कुत्र्यालाही चालतो. मात्र ‘आय ॲम इंटेलिजंट’ असं स्वतःबद्दल म्हणणं, ‘मी बुद्धिमान आहे’ म्हणण्याइतकंच ओशाळवाणं. पुढच्या मुलाखतीत विशेषणच टाळा. ‘आय पिक थिंग्ज अप क्विकली’ म्हणा आणि लगेच एखादं काम सांगा, भले घरच्या दुकानातलं असो. पाहुण्यांबद्दल विचारलं तर तो ‘टू’ लावलेला सेन्सिटिव्ह आहेच. आणि रात्री अकराला एखादा दारू पिऊन काउंटरवर ओरडू लागला तर काय कराल, असं विचारलं, तर तिथे त्यांना सेन्सिबल उत्तर हवं असतं, हळवं नको.

काकांची समजूत मी त्याच संध्याकाळी घातली. त्यांना शब्द आवडला असावा. गेल्या मे महिन्यात चार पोरं वारा सुटलेला असताना स्नॉर्केलिंगला न्या म्हणून हटून बसली होती. काकांनी इंजिनवर ताडपत्री टाकली आणि म्हणाले, ‘नो सेन्सिबल. टुमारो.’