अकॅडमिक अ‍ॅडव्हायजर: समुपदेशक, मार्गदर्शक की सल्लागार?

प्रश्न असा आहे: महाविद्यालयात बरीच वर्षं ‘अकॅडमिक अ‍ॅडव्हायजर’ म्हणून काम केलेल्या एक बाई निवृत्त होत आहेत आणि त्यांच्यावर मराठीत परिचयलेख लिहायचा आहे. पदाचं नाव काय लिहावं? समुपदेशक, मार्गदर्शक की सल्लागार? आणि शीर्षकात ‘जीवन आणि कारकीर्द’ चालेल का?

माझा कौल सल्लागाराला. पण आधी या बाई दिवसभर काय करत असतील ते पाहू, कारण हे तिन्ही शब्द कोशात शेजारी बसले तरी कामात लांब लांब आहेत.

विद्यार्थ्याने कोणत्या सत्रात कोणते विषय घ्यावेत, एखाद्या विषयाची पूर्वअट पुरी झाली आहे का, पदवीला किती श्रेयांक (क्रेडिट) कमी पडतात, मुख्य विषय आता बदलला तर आधीचे किती श्रेयांक वाया जातील, नापास झालेला विषय पुन्हा घ्यायचा की सोडायचा, हे त्याच्यासमोर बसून उलगडून सांगणं हे या पदाचं रोजचं काम. नोंदणीच्या आठवड्यांत दाराबाहेर रांग. एरवी ईमेल, नोंदी आणि मागे पडलेल्यांचा पाठपुरावा. मुलगा रडायला लागला तर त्याचं ऐकून घेतात, पण पुढे त्याला समुपदेशकाकडे पाठवतात. म्हणजे या व्यवसायातच समुपदेशक हा दुसरा माणूस असतो. एवढ्यावरच तो शब्द बाद व्हायला हरकत नाही.

हे पद जन्मलं तेही विषयांच्या निवडीतून. सगळ्यांनी एकच ठरलेला अभ्यासक्रम शिकायचा असेल तर सल्ला हवा कशाला? 1869 मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत फैलावली. निवड आली तसा गोंधळही आला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने थोड्याच वर्षांत प्राध्यापकांनाच सल्लागार नेमायला सुरुवात केली. तिथले अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन यांनी 1886 मध्ये सल्लागार आणि विद्यार्थी यांचं नातं वकील-अशील किंवा वैद्य-रुग्ण यांच्यासारखं असल्याचं म्हटलं होतं; सल्लागार म्हणजे तपासनीस नव्हे, असंही बजावलं होतं. पुढे 1972 मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बर्न्स क्रुकस्टन यांनी नेमक्या याच वैद्य-रुग्ण नात्यावर बोट ठेवलं. एकाने औषध लिहून द्यायचं आणि दुसऱ्याने ते मुकाट्याने घ्यायचं, हा सल्ला नव्हे. दोघांनी मिळून विचार करणं हा शिकवण्याचाच भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. 1979 मध्ये अमेरिकेत अशा सल्लागारांची ‘नॅकाडा’ ही संघटना उभी राहिली. प्राध्यापकांनी जोडीला सांभाळायचं काम तोवर अनेक ठिकाणी पूर्णवेळ पेशा होऊ लागलं होतं.

आता मराठी शब्दांकडे येऊ. मला इथे नामांपेक्षा क्रियापदं जास्त बोलकी वाटतात. उपदेश करतात, आणि कंटाळलेला माणूस म्हणतो की उपदेशाचे डोस पाजतात. ‘सम्’ लावून समुपदेश केला की तो सौम्य होतो खरा, पण त्याला मनाच्या दुखण्याचा वास चिकटला आहे. मार्गदर्शन करतात किंवा लाभतं. ते कोणी ‘विचारत’ नाही. शिवाय विद्यापीठात मार्गदर्शक म्हटलं की पीएचडीचा गाइडच डोळ्यांसमोर येतो, आणि बातमीत ‘प्रमुख पाहुण्यांनी मार्गदर्शन केले’ याचा अर्थ ते बोलले, एवढाच असतो. सल्ला मात्र विचारतात, देतात, घेतात, मानतात आणि खुशाल धुडकावतातही. निर्णय विद्यार्थ्याच्या हातात ठेवणारं क्रियापद याच शब्दाला मिळालं आहे.

सल्ला मूळचा अरबी, फारसीतून आलेला. ‘गार’ हा करणारा दाखवणारा फारसी प्रत्यय, गुन्हेगारातही तोच. मसलतही त्याच अरबी धातूची, म्हणून ‘सल्लामसलत’ म्हणजे दोन सख्ख्या भावंडांची जोडी. जुन्या राजकारणात मसलत कारस्थानाकडे आणि मोहिमेकडे झुकली, तरी चारचौघांनी बसून विचार करण्याचा मूळ भाव तिने सोडला नाही. क्रुकस्टन यांना हवं होतं ते याहून फार वेगळं नाही.

अडचण विशेषणाची आहे. ‘शैक्षणिक सल्लागार’ म्हटलं की पैसे घेऊन प्रवेश मिळवून देणारा एजंट आठवतो. ‘विद्यार्थी सल्लागार’ लिहिलं तर विद्यार्थीच सल्ला देतो आहे असं वाटतं. ‘अभ्यासक्रम सल्लागार’ म्हणजे अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीतलं कुणीतरी. ‘पालक-शिक्षक’ हा पर्यायही कुणी सुचवेल, पण त्याला पालक-शिक्षक संघाने आधीच व्यापलं आहे. त्यातल्या त्यात ‘महाविद्यालयातील शैक्षणिक सल्लागार’ बरं. पहिल्या उल्लेखानंतर लगेच त्या काय करत ते एका वाक्यात सांगा आणि पुढे नुसतं ‘सल्लागार’ लिहा. स्त्रीलिंगी रूप शोधू नका: ‘त्या सल्लागार होत्या’ हे पुरेसं आहे, ‘सल्लागारीण’ चेष्टेसाठी राखून ठेवा.

राहिली कारकीर्द. हाही फारसीचाच शब्द. मराठीत तो आधी राज्यकर्त्यांना लागला: अमक्या पेशव्याची कारकीर्द, तमक्या बादशहाच्या कारकिर्दीत. आज खेळाडू आणि नटांच्याही कारकिर्दी असतात, त्यामुळे चूक मुळीच नाही. पण सल्लागाराचा पेशा असा की कर्तृत्व दुसऱ्याच्या गुणपत्रिकेत जमा होतं. साध्या सल्लागारापासून ज्येष्ठ सल्लागार, मग विभागाची संचालक, असा चढता प्रवास बाईंचा झाला असेल, तर त्या भागाला कारकीर्द म्हणा. बाकीच्याला ‘काम’ किंवा ‘नोकरी’ म्हटल्याने काही कमी होत नाही. ‘जीवन’ही शीर्षकातून काढा, मराठीत ‘जीवन आणि कारकीर्द’ वाचलं की माणूस गेला की काय अशी शंका येते, आणि बाई तर फक्त निवृत्त होत आहेत. लेखाची सुरुवात अशी करता येईल: ‘विद्यार्थी विषय निवडताना अडले की ज्यांचा सल्ला विचारायला येत, त्या आमच्या महाविद्यालयातील शैक्षणिक सल्लागार या महिन्यात निवृत्त होत आहेत.’