देवघराच्या टाइल्सना लोणा लागलाय, काय करू?

प्रश्न: आमचं सांगलीतलं घर आजोबांच्या वेळचं. देवघराला मोराच्या नक्षीच्या रंगीत टाइल्स आहेत, एक सुटून आली तर मागे मेड इन जपान निघालं. २०१९ च्या पुरात पाण्याखाली होत्या तेव्हा काही झालं नाही, आता मात्र पांढरी पावडर येते, रंगाचे पोपडे पडतात. मिस्त्री म्हणतो अ‍ॅसिडनं पुसू, सुटलेल्या व्हाइट सिमेंटनं बसवू. करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अजिबात नको! आधी मिस्त्रीला फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

हा लोणा आतून येतोय हो. टाइलचा वरचा थर काचेचा, पण आतली भाजलेली माती ओल पिते, पूर ओसरला तरी जुन्या जाड भिंतीत ओल राहतेच आणि वाळताना त्यातल्या क्षारांचे खडे काचेच्या थराखाली धरतात, मग ते रंगासकट तो थरच उचलून टाकतात. पावसाळ्यात पावडर दिसत नाही म्हणून आपल्याला वाटतं गेलं एकदाचं, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत सुरू. बाहेरून सिमेंटचं प्लास्टर किंवा ऑइल पेंट असेल तर ओलीला टाइलमधूनच वाट, तिकडे आधी बघा. मीही एकदा वाईच्या वाड्यात भिंत वाळायच्या आत टाइल्स बसवल्या, पुढच्याच उन्हाळ्यात मोराची मान गळून हातात आली.

आता अ‍ॅसिड. १९१० ते १९३० च्या दशकांत जपानहून अशा टाइल्स भरपूर आल्या, त्यांच्या ग्लेझमध्ये, म्हणजे त्या काचेच्या थरात, बहुधा शिसं असतं, अ‍ॅसिडनं चकाकी गेली की गेलीच. घासून धूळही करू नका, शिशाची धूळ वाईट. खात्री करायची तर एक्सआरएफ नावाचं पिस्तुलासारखं मशीन असतं, न खरवडता शिसं दाखवतं, निळ्यातला कोबाल्ट, हिरव्यातलं तांबंसुद्धा.

सुटलेल्या टाइलचे पोपडे हलत नसतील तरच ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा, पाणी बदलत राहा आणि आरओवाला वापरतो त्या टीडीएस मीटरनं पाण्यात विरघळलेले क्षार मोजा, ताज्या पाण्यात आकडा चढायचा थांबला की क्षार निघाले समजा. पोपडे हलत असतील तर हात लावू नका, कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जुन्या वस्तू जपणारा तज्ज्ञ, पॅरालॉइड बी-७२ नावाचं पारदर्शक रेझिन लावून आधी ते धरतो, पुढे कधी काढायचं झालं तर ते रेझिन अ‍ॅसिटोननं निघतं. परत बसवताना चुनाच, सिमेंट स्वतःचे क्षार आणतं आणि पुढच्या वेळी टाइल फोडूनच काढावी लागते.

आणि पडलेले पोपडे केरात घालवू नका, कुठल्या टाइलचे ते चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा.