फोटो तांत्रिकदृष्ट्या बरोबर येतात, पण सगळे सारखेच दिसतात. यातून बाहेर कसं पडावं?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं कॅमेरा हातात आहे, एक्स्पोजर चुकत नाही, क्लबच्या प्रदर्शनात दरवर्षी एखादा फोटो लागतो, पण तो कुणीही काढलेला असू शकतो असं वाटतं. मला हेच दुखणं होतं, म्हणून माझंच सांगतो.

पाच वर्षं मी आषाढी वारीत दिवे घाटात जात होतो. तिथे ज्यांनी फोटो काढलेत त्यांना ती जागा बरोबर ठाऊक असेल, वळणाच्या वरचा उतार. खाली माउलींचा रथ, चढासाठी जोडलेल्या जादा बैलजोड्या, पताका, पांढऱ्या टोप्यांची नागमोडी रांग. सकाळपासून जागा धरून बसलेले तीस-चाळीस जण, त्यातला मी एक, लांबचं जवळ आणणारी ७०-२०० झूम लेन्स लावून. फोटो झकास यायचा. शेजारच्याचाही यायचा, आणि तोच यायचा. एकदा घरी दोन वर्षांचे फोटो शेजारी-शेजारी उघडले, तर कुठला कधीचा हे तारीख बघून कळलं.

सहाव्या वर्षी पावसाने घोळ केला. झूम लेन्समध्ये आतून बाष्प धरलं आणि बॅगेत उरली साधी ३५ एमएम, म्हणजे झूम नसलेली, लांबचं लहानच दाखवणारी लेन्स. तिच्यातून वरून घाट म्हणजे मुंग्यांची रांग. वैतागून खाली उतरलो आणि दिंडीबरोबर चालायला लागलो. बाजूला एक आजी, डोक्यावर तुळस, अंगावर प्लास्टिकचा कागद. त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, "काढा की माउली." ढगाळ उजेड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) कमी, १००, आणि शटर १/१५ सेकंद, म्हणजे हलेल ते पुसट होईल इतकं मंद. अर्धा तास त्यांच्या पावलाला पाऊल लावून चाललो, तेव्हा वरून पाच वर्षांत न दिसलेली गोष्ट दिसली. बाईच्या डोक्यावर तुळस असली की कंबर हलते, खांदे हलतात, पण मान नाही. फोटोत डोंगर, पताका, प्लास्टिक सगळं ओढल्यासारखं पुसट, आणि मधे तुळशीची चार पानं जागच्या जागी. ३४० पैकी असे तीन आले. बाकी कचरा, खोटं कशाला बोलू.

क्लबचे परीक्षक म्हणाले, चेहरा शार्प नाही. आई म्हणाली, "हलला का रे?" दोघांचंही बरोबर होतं. पण माझ्या भिंतीवर आज तोच आहे, रथाचा एकही नाही.

त्यामुळे "आधी हमखास फोटो घ्या, मग प्रयोग करा" हा नेहमीचा सल्ला मला पटत नाही. हमखास फोटो कार्डात पडला की डोळा सुस्तावतो. मग प्रयोग म्हणजे कॅमेरा तिरका धरणं, नाहीतर सगळं काळं-पांढरं करून एकच लाल फेटा रंगीत ठेवणं. (हे कृपया करू नका.) हमखास फोटो मिळूच नये अशी सोय आधी करावी लागते. माझ्या बाबतीत ती पावसाने केली, छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी ती स्वतःहून केली. भारतातल्या रस्त्यांचे रंगीत फोटो काढण्यात त्यांचा हात इतका बसलेला होता की तेच काढत राहिले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण १९९९ मध्ये ते गेले, त्याआधीच्या त्यांच्या शेवटच्या कामात फोटोभर अॅम्बॅसेडर गाडी आहे. दार, काच, आरसा मधे येतात आणि समोरच्या दृश्याचे तुकडे करतात. आपण जे फ्रेमबाहेर काढायला धडपडतो, त्याचीच त्यांनी फ्रेम केली.

दुसरे अमेरिकी छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन. अमेरिकेतल्या मेम्फिसमधली एक तीनचाकी सायकल त्यांनी जवळजवळ जमिनीवरून टिपली. ती मागच्या घरांपेक्षा मोठी दिसते. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं रंगीत फोटोंचं प्रदर्शन लागलं, तेव्हा समीक्षकांनी ते कंटाळवाणं म्हणून झोडपलं होतं. तेव्हा क्लबमधल्या शेऱ्याचं फार मनावर घेऊ नका.

तुम्ही काय कराल? घराजवळचा एकच विषय घ्या, भाजी मंडई, एसटी स्टँड, काहीही. एकच लेन्स, तीन महिने. मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चिकटपट्टी लावतो, म्हणजे दर फोटोनंतर मान खाली जात नाही. आणि त्याच दिवशी काही डिलीट करू नका. त्या रात्री आपण प्रत्येक फोटो डोक्यातल्या ठरलेल्या फोटोशी ताडून बघतो आणि न जुळणारे उडवतो. तुळशीचे ते तीनही मी उडवणार होतो, लॅपटॉपची बॅटरी संपली म्हणून राहिले.

लग्नाची ऑर्डर असेल तर मात्र यातलं काही करू नका. अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा मिळत नाही आणि पार्टीला तो शार्पच हवा असतो. फारच खुमखुमी असेल तर हळदीच्या वेळी करा, तेही सोबत दुसरा फोटोग्राफर असेल तरच.